यलो फीव्हरचं पिवळं कार्ड: केनियातून भारतात येताना लोक नेमके कुठे अडकतात

नैरोबी, मोम्बासा, किसुमू इथे राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीला गावी निघतात तेव्हा चहाची पाकिटं आणि मॅकाडेमियाचे डबे आठवणीने बॅगेत जातात. पिवळं कार्ड, म्हणजे यलो फीव्हरची लस घेतल्याचा दाखला, मात्र घरच्या कपाटातच राहतं, किंवा काढलेलंच नसतं. मग मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी वाद सुरू होतो. तो वाद तुम्ही जिंकणार नाही, म्हणून नियम आधीच नीट समजून घ्या.

भारतातून थेट येणाऱ्याकडून केनिया हे कार्ड मागत नाही. केनियातून येणाऱ्याकडून भारत मागतो. "आपला पासपोर्ट भारतीय, आपल्याला आपल्याच देशात कोण अडवणार?" या समजुतीवर बरेच जण अडकतात. नियम नागरिकत्व बघतच नाही. गेल्या सहा दिवसांत तुम्ही यलो फीव्हरच्या यादीतल्या देशात होतात का, एवढंच तो बघतो. होतात आणि वैध कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. हे दिवस तुम्ही तो देश सोडल्यापासून मोजतात. वाटेत दोन दिवस दुबईत काढले असतील तर तेवढे वजा होतात. सहा दिवस पूर्ण झाल्यावर आलात तर प्रश्नच उरत नाही.

एवढी कडक भूमिका का, हे कळलं की राग थोडा निवळतो. यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर, भारतात कधी पसरलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूही मुख्यतः तोच पसरवतो. लोकांना ही लस टोचलेली नाही. विषाणू एकदा शिरला तर त्याला अडवणारं काही नाही, आणि चावल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सहा दिवस लागतात. सहा दिवसांचा आकडा तिथून आला.

पुढचा गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांचा. प्रवाशांसाठीच्या आरोग्य सल्ल्यात नैरोबी आणि मोम्बासा शहरांत धोका कमी असल्याचं लिहिलेलं असतं. ते वाचून "आम्ही नैरोबीबाहेर पडलोच नाही, आम्हाला लस कशाला?" असं म्हणतात. तो सल्ला तुमच्या तब्येतीसाठी आहे. भारताची यादी देशानुसार चालते आणि तीत केनिया आहे. युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, अंगोला हेही आहेत. दक्षिण आफ्रिका नाही.

इथिओपियाचं नाव मुद्दाम घेतलं, कारण जोहान्सबर्ग किंवा युरोपातून येणारे अनेक जण अदिस अबाबाला विमान बदलतात. विमानतळाच्या आतच थांबलात आणि भारतातल्या आरोग्य अधिकाऱ्याचं त्याबद्दल समाधान झालं, तर सूट मिळते. पण थांबा लांबला आणि रात्री हॉटेलवर गेलात, तर तुम्ही विमानतळाबाहेर पडलात आणि सूट गेली. पासपोर्टवरचा शिक्का ते सांगतोच. लांब थांब्याचं स्वस्त तिकीट घेताना हे आधी बघा. कोणताही तिकीट एजंट हे आपणहून सांगत नाही.

आता दहा दिवसांचा हिशोब. पहिल्यांदा लस घेतली की कार्ड दहा दिवसांनी वैध होतं. १ जूनला टोचलं तर ११ जूनपासून. हे दहा दिवस भारतात उतरण्याच्या तारखेपर्यंत पूर्ण हवेत. आठवड्याभराच्या कामासाठी नैरोबीला जाणारे निघायच्या आदल्या दिवशी लस घेतात आणि परतताना सापडतात. तरीही लस वाया गेली असं समजू नका. कार्ड वैध होईपर्यंत किंवा सहा दिवस भरेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवरच थांबवतात.

जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि लोक घाबरून पुन्हा टोचून घेतात. गरज नाही. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभरासाठी वैध आहे, आधी दिलेलीसुद्धा. त्यावर खाडाखोड करून तारीख बदलू नका. खाडाखोड झाली तर कार्ड बाद ठरवता येतं.

खरी डोकेदुखी कार्डावरच्या मजकुराची आहे. टोचून झालं की लोक घाईने कार्ड खिशात घालतात. तसं करू नका, खुर्चीवरून उठण्याआधी वाचा. डॉक्टरची हाताने केलेली सही हवी, नुसता शिक्का चालत नाही. केंद्राचा शिक्काही हवा. लसीचा बॅच नंबर हवा. तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला हवा. तुमचीही सही हवी, आणि लहान मुलाच्या कार्डावर आईची किंवा वडिलांची. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या बायकांना इथे फार त्रास होतो: कार्ड माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या. पासपोर्ट नवा झाला असेल तर नंबर जुळत नाही. जुना पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको.

बाळांच्या बाबतीत नियमातच एक भोक आहे आणि ते बुजवायचं कोणी मनावर घेतलेलं नाही. भारताची सूट सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांना. लस एरवी नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात. मधल्या तीन महिन्यांतल्या बाळाला सहसा लस देत नाहीत आणि सूटही नाही. शक्य असेल तर प्रवास पुढेमागे करा. नऊ महिन्यांनंतरही गोवराची लस आणि ही लस यांचं वेळापत्रक बालरोगतज्ज्ञाला विचारून ठरवा. दोन्हींत जिवंत विषाणू असतात, त्यामुळे एकाच दिवशी नाही दिल्या तर साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवतात.

साठीपुढचे आईवडील नातवंडांना भेटायला केनियाला येतात, त्यांचंही असंच. या वयात पहिल्यांदा घेताना लसीचा धोका वाढतो. गरोदर स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेले, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले यांनीही डॉक्टरशी बोलल्याशिवाय टोचून घेऊ नये. डॉक्टरने लस नको म्हटलं तर तसं लेखी पत्र घ्या. मात्र त्या पत्राने क्वारंटाइन टळेलच असं धरून चालू नका. आजी-आजोबांना ही गोष्ट तिकीट काढण्याआधी सांगा, मुंबईत उतरल्यावर नव्हे.

लस मिळते ती फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांत. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ती देतात. फॅमिली डॉक्टरकडे मिळणार नाही. वेळ आधी घ्या, मूळ पासपोर्ट न्या, चालू औषधांची यादी न्या. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि उघडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशीच बोलावतात. सुट्ट्यांआधी गर्दी होते, महिनाभर आधी सुरुवात करा. लस न टोचता कार्ड देतो म्हणणारा कोणी भेटला तर पाठ फिरवा. त्यात फसवणूक आहे आणि जिवाचा धोकाही.

कार्ड एकदा नीट हातात आलं की आफ्रिकेत फिरतानाही लागतं. युगांडा ते जवळपास सगळ्यांकडून मागतो. केनियातून झांझिबारला चार दिवस जाणाऱ्यांकडून टांझानिया मागतो, आणि भारतातून थेट झांझिबारला गेलेला मित्र "मला तर कोणी विचारलं नाही" म्हणाला तरी तुम्हाला विचारतील. नैरोबीमार्गे दक्षिण आफ्रिकेला जाताना थांबा बारा तासांपेक्षा जास्त असेल, तर तिथेही ते दाखवावं लागतं.