आकडा खाली आला, कारण जहाजं हळू चालली

आमच्या रावेर-सावद्याकडच्या ग्रुपवर केळीचे भाव आणि सकाळचे सुविचार सोडून विज्ञान फार कमी येतं, पण एक फॉरवर्ड मात्र फिरून फिरून येतो, की जगातली 15 मोठी जहाजं जगातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात. लगेच खाली कुणीतरी लिहितं, मग आमच्याच मोटरसायकलची पीयूसी कशाला मागता भाऊ? ही गोष्ट अर्धी खरी आहे म्हणून जास्त डोक्यात जाते. तो हिशेब गंधकाचा होता, कार्बनचा नाही. जहाजात जळतं ते रिफायनरीच्या तळाला उरलेलं डांबरासारखं जड तेल, त्यात पूर्वी 3.5 टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं आणि आपल्या बीएस-6 डिझेलमध्ये ते दहा लाखांत 10 भाग, म्हणजे 3500 पट फरक. 2020 पासून ही मर्यादा 0.5 टक्क्यावर आणली. कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल तर जगातल्या झाडून सगळ्या जहाजांनी, मासेमारी धरून, 2018 मध्ये 105.6 कोटी टन सोडला, म्हणजे माणसाने सोडलेल्या एकूण कार्बनच्या 2.89 टक्के. कमी नाही, पण गाड्या नि ट्रक त्याच्या फार पुढे आहेत.

आता अमुक देशाच्या जहाजांचा कार्बन वर्षागणिक किती, असा आलेख कुणी दाखवला तर आधी विचारायचं की जहाज त्या देशाचं कशावरून? मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, खलाशी आपल्याकडचे, माल चीनचा. 1997 च्या क्योटो करारात हे भांडण मिटलंच नाही, परदेशी जाणाऱ्या जहाजांचं काम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे ढकलून दिलं. प्रत्येक देश आपल्याकडे अशा जहाजांना किती तेल विकलं ते लिहितो, त्यावरून कार्बन काढतो (एक टन जड तेलामागे साधारण 3.1 टन) आणि तो आकडा देशाच्या बेरजेत न धरता बाजूला ठेवतो. सिंगापूरने 2023 मध्ये 5 कोटी टनांच्या वर तेल विकलं, त्याचा कार्बन होतो 16 कोटी टनांच्या आसपास, सिंगापूरच्या घरच्या उत्सर्जनाच्या अडीच-तीन पट. म्हणजे एखाद्या देशाची रेघ खाली आली तर कदाचित जहाजांनी टाकी दुसरीकडे भरली असेल, बाकी काहीच बदललं नसेल. न्हावा शेवाहून दुबईला गेलेल्या आपल्या केळीचा धूर फुजैराच्या (अमिरातीतलं जहाजांना तेल भरायचं बंदर) खात्यावर लागलेला असू शकतो.

पण सगळ्या जगाची बेरीज केली तर ही चलाखी चालत नाही, आणि तरीही आंतरराष्ट्रीय जहाजांचा कार्बन 2007 च्या 88.5 कोटी टनांवरून 2012 ला 79.6 कोटींवर आला. नवीन इंजिन आलं नाही, हायड्रोजन आला नाही. जहाजं हळू चालली, बस. 2008 च्या जुलैत कच्चं तेल बॅरलला 147 डॉलरला टेकलं, वर्षअखेर मंदी आली, माल कमी नि जहाजं जास्त, मग कंपन्यांनी स्पीड कमी केला.

मला सगळ्यात आवडतं ते गणित इथे आहे. तापीत कमरेएवढ्या पाण्यात चालून बघा, सावकाश चाललं तर काही वाटत नाही, पळायला गेलं की पाणी मागे ओढतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. पण इंजिनाला लागणारी शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून ती घनाने वाढते, दुप्पट वेगाला आठपट. 24 नॉटवरून (एक नॉट म्हणजे तासाला साधारण 1.85 किलोमीटर) 18 वर आलात तर वेग तीन चतुर्थांश, त्याचा घन 0.42, म्हणजे तासाला निम्म्याहून कमी तेल. प्रवास लांबतो, तास वाढतात, ते धरूनही पूर्ण फेरीला 44 टक्के वाचतात. दर आठवड्याला सेवा द्यायची तर तीनच्या जागी चार जहाजं लावावी लागतात, हे त्या 44 टक्क्यात आधीच धरलेलं आहे, कागदावर करून बघा.

खरं तर वर्गाचा नियमही पूर्ण नाही, कारण जहाज लाटा उठवतं आणि त्या लाटांना शक्ती जाते. इंग्लंडच्या विल्यम फ्रूडने 1870 च्या दशकात छोटी मॉडेलं टाकीत ओढून हे मोजलं. जहाजाबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी म्हणजे 2π गुणिले वेगाचा वर्ग भागिले g (गुरुत्वाकर्षणाचा त्वरण). 24 नॉटला ती येते साधारण 98 मीटर, 18 नॉटला 55. ही लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या चढावर अडकते, मग कितीही इंजिन रेटा, वेग फारसा वाढत नाही. 12 मीटरच्या मच्छीमार बोटीला हे साडेआठ नॉटलाच होतं, 400 मीटरच्या कंटेनर जहाजाला अजून लांबचा पल्ला आहे, म्हणून लांब जहाज टनामागे स्वस्त पडतं. (इथपर्यंत वाचलं असेल तर अवघड भाग संपला.)

प्रत्यक्षात काय झालं तर 2012 ला जहाजं डिझाइनच्या स्पीडपेक्षा सरासरी 12 टक्के हळू होती आणि रोजचं तेल 27 टक्के कमी लागलं. घनाने 32 यायला पाहिजे होतं, पण जनरेटर चालूच राहतो आणि कमी लोडवर इंजिनही तेवढं चांगलं चालत नाही. तरी आपल्याकडे डिझेलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक मायलेजसाठी विकतात त्याच्यापेक्षा हे शंभर टक्के खात्रीचं. तसंच एलएनजीवर (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन) चालणाऱ्या जहाजाला ग्रीन म्हणून रंगवायची फॅशन आहे, त्यातून न जळलेला मिथेन निसटतो हे जाहिरातीत नसतं. पुढे व्यापार वाढला तसा सगळ्या जहाजांचा मिळून आकडा 2012 च्या 96.2 कोटींवरून 2018 च्या 105.6 वर गेला (हा नंतरच्या अभ्यासातला, वरच्या 88.5 नि 79.6 शी जोडू नका). 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, अंतर वाढलं आणि वेळ भरून काढायला स्पीडही वाढवला, म्हणजे घन उलटा फिरला. कार्बनवर पैसे लावायचा सागरी संघटनेचा प्रस्ताव 2025 च्या ऑक्टोबरात वर्षभर पुढे ढकलला.

आपल्या केळीचा ढोबळ हिशेब सांगतो. रावेरहून 20 टनांचा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवाला नेणारी गाडी 470 किलोमीटरला लिटरमागे तीनच्या हिशेबाने 157 लिटर डिझेल खाते, कार्बन झाला 420 किलो. पुढे दुबईपर्यंत दोन हजार किलोमीटर समुद्र, टन-किलोमीटरला 15 ग्रॅम धरले तर 600 किलो. चौपट अंतराला दीडपटही नाही. हे जहाज 24 ऐवजी 18 नॉटने गेलं तर 15 तास जास्त लागतात, तेवढ्या वेळात 13-14 अंशावर केळी थंड ठेवायला रीफर सुमारे 35 किलो कार्बन जास्त काढतो आणि जहाजाचे अडीचशेच्या वर वाचतात. दुबईसाठी हळूच परवडतं. युरोपला समुद्रातून केळी पाठवायचे प्रयोग 2023 पासून चालू आहेत, तिथे मात्र अडचण कार्बनची नाही, फळाची आहे. कच्ची केळी त्या तापमानाला तीन-चार आठवडे हिरवी राहतात, मग स्वतःच इथिलीन सोडून पिकायला लागतात, आणि एका कोपऱ्यातल्या फण्या पिकल्या की तोच वायू बाकीच्यांना पिकवतो. वळसा घालून आलेलं जहाज त्यात अजून हळू चाललं तर तिकडे कंटेनर उघडल्यावर पिवळा माल निघतो, खरेदीदार घेत नाही, आणि मग सगळ्या प्रवासाचा कार्बन गेला तो गेलाच, भाडं वेगळं.