गोळीला उशीर म्हणजे गर्भधारणा नव्हे

गर्भनिरोधक गोळी काही तास उशिरा घेतली की त्या महिन्याचे संरक्षण संपते, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्यातून वाटणारी भीती स्वाभाविक आहे. परंतु दोन संप्रेरके असलेल्या संयुक्त गोळीबाबत हा समज खरा नाही. रोजच्या गोळीमुळे बीजांडकोशातून बीजांड बाहेर पडणे थांबते आणि हा परिणाम काही तासांत ओसरत नाही. 21 गोळ्यांनंतर 7 दिवसांचा खंड ठेवूनही, पुढचे पाकीट वेळेवर सुरू केल्यास संरक्षण टिकते, ते याचमुळे. म्हणून एखादी गोळी राहिली तर ती आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी. सलग दोन किंवा अधिक चुकल्यास मात्र पुढील 7 दिवस कंडोम वापरावा. अशी चूक पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात झाली, तर खंड लांबत असल्याने धोका खरोखर वाढतो, आणि तेव्हा संबंध आला असल्यास डॉक्टरांना विनाविलंब विचारावे.

केवळ प्रोजेस्टोजेन हे एकच संप्रेरक असलेल्या गोळ्यांना उशिराची सवलत कमी असते: जुन्या प्रकारांत 3 तास, डेसोजेस्ट्रेल या प्रकारात 12 तास. आपली गोळी कोणती, हे पाकिटातील माहितीपत्रकात पडताळता येते. तरीही शंका उरल्यास, असुरक्षित संबंधानंतर 21 दिवसांनी केलेली लघवीची चाचणी विश्वासार्ह असते. त्याआधीचा नकारात्मक निष्कर्ष अंतिम मानू नये.