शैलेन मन्ना आणि हुकलेला १९५० चा विश्वचषक

बूट घालायची सवय नव्हती म्हणून भारत १९५० चा फुटबॉल विश्वचषक खेळला नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. संघ गेला असता तर त्याचं कर्णधारपद ज्यांच्याकडे असतं, त्या शैलेन मन्नांना मात्र हे कारण मान्य नव्हतं.

मन्ना मूळचे हावड्याचे, जन्म १९२४. हावडा युनियनकडून खेळून १९४२ मध्ये ते कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये आले आणि १९६० पर्यंत दुसरीकडे कुठे गेले नाहीत. जागा डाव्या बॅकची, म्हणजे बचावफळीत डावीकडची. धोका आधीच ओळखून सहकाऱ्याची उघडी पडलेली बाजू सांभाळणं ही त्यांची खासियत, फ्री किकही जबरदस्त. पोटापाण्यासाठी नोकरी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात.

३१ जुलै १९४८ रोजी लंडनजवळच्या इलफर्डला ऑलिंपिकमध्ये भारतासमोर फ्रान्स होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, पायाला नुसत्या पट्ट्या. सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली, पण अगदी शेवटी फ्रान्सनं दुसरा गोल केला. दोन पेनल्टी वाया गेल्या, त्यातली एक मन्नांची. तरीही त्या संघानं इंग्लिश प्रेक्षकांना जिंकलं.

त्यानंतर आला विश्वचषक. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यानं भारत न खेळताच पात्र ठरला. गटात इटली, स्वीडन, पराग्वे. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार होतं, तरी भारतीय फुटबॉल महासंघानं संघ पाठवला नाही. आम्हाला तेव्हा विश्वचषकाचं महत्त्वच कळलं नव्हतं, आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं, असं मन्ना पुढे सांगत. मला हेच खरं वाटतं, कारण पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेसाठी याच महासंघानं संघ उभा केला. मन्नांच्या नेतृत्वाखाली भारतानं अंतिम सामन्यात इराणला १-० असं हरवलं. गोल साहू मेवालाल यांचा. इंडोनेशिया, अफगाणिस्तान आणि इराण, तिघांपैकी एकालाही भारतावर गोल करता आला नाही. बचावफळीसाठी याहून मोठी पावती कोणती?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही कर्णधार मन्नाच होते आणि तिथेही आपले काही खेळाडू अनवाणीच उतरले. युगोस्लाव्हियानं १०-१ असा धुव्वा उडवला. बूट सक्तीचे झाले ते या पराभवानंतर, म्हणजे ब्राझीलची संधी सोडून दोन वर्षं उलटल्यावर.