ताकलाकोट : तीन देशांच्या वाटांवरचे तिबेटी गाव

कैलास-मानसरोवराची यात्रा करून आलेल्या मराठी माणसाला ताकलाकोट हे नाव परके नाही. लिपुलेख खिंड ओलांडली की तिबेटमधला पहिला मोठा मुक्काम याच गावी पडतो. कागदपत्रे तपासून घ्यायची, पैसे बदलायचे, विरळ हवेची शरीराला सवय होऊ द्यायची आणि मानसरोवराकडे निघायचे, एवढीच त्या गावाची आठवण बहुतेकांजवळ उरते. हजार वर्षांचा इतिहास मागे असलेल्या गावाच्या वाट्याला नुसत्या मुक्कामाची ओळख यावी, याची रुखरुख वाटते.

तिबेटी भाषेत ‘ताग’ म्हणजे वाघ आणि ‘खार’ म्हणजे किल्ला. ताग्लाखारचे दक्षिणेकडच्या लोकांनी ताकलाकोट केले आणि ‘कोट’ हा आपल्याही ओळखीचा शब्द त्यात येऊन बसला. या खोऱ्याचे जुने नाव पुरांग. चिनी कारभारात आज तालुक्याचे नाव पुलान असे आहे. उत्तरेला ७,६९४ मीटर उंचीचा गुर्ला मांधाता, पश्चिमेला लिपुलेखमार्गे उत्तराखंडातील कुमाऊँ, दक्षिणेला नेपाळचा हुमला जिल्हा, आणि मधून वाहणारी माप्चा खबब, म्हणजे मोराच्या मुखातून निघालेली नदी. हीच नदी नेपाळात कर्णाली होते, उत्तर प्रदेशात घागरा होते आणि अयोध्येपाशी तिला शरयू म्हणतात. पश्चिम तिबेटचा बहुतेक भाग ओसाड पठाराचा असला, तरी या खोऱ्यात पाटाच्या पाण्यावर सातू आणि वाटाणा पिकतो. आजूबाजूच्या पशुपालकांना धान्यासाठी पुरांगकडे यावेच लागे. बाजार इथेच का बसला, याचे अर्धे उत्तर त्या शेतांत आहे.

नवव्या शतकात तिबेटचे जुने साम्राज्य मोडले. त्या राजघराण्यातील न्यिमागोन हा वंशज दहाव्या शतकात पश्चिमेकडे आला आणि त्याने पुरांगमध्ये आपली सत्ता रुजवली. पुढे त्याच्या मुलांत राज्याची वाटणी झाली, आणि लडाख, गुगे-पुरांग व झंस्कार या सत्तांची मुळे त्या वाटणीत सापडतात. गुगे-पुरांगच्या राजांनी बौद्ध धर्माला पुन्हा बळ देण्याचे ठरवले, तरुणांना विद्येसाठी काश्मीरला पाठवले, आणि त्यांतून रिन्चेन झांग्पो (९५८-१०५५) हा थोर भाषांतरकार पुढे आला. संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेण्याचे त्याचे काम प्रसिद्धच आहे. त्या काळात या मुलखात उभ्या राहिलेल्या अनेक मंदिरांशीही त्याचे नाव जोडले जाते.

त्यांपैकी एक मंदिर ताकलाकोटपासून सुमारे २० किलोमीटरवर, नेपाळच्या सीमेकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तिबेटी लोक त्याला खोरचाग म्हणतात, आपल्याकडचे यात्रेकरू खोजरनाथ. तिथल्या मूर्तीची कथा गावोगाव सांगितली जाते. भारतातून आलेले सात आचार्य आपल्याजवळची चांदी राजाच्या हवाली करून पुढे गेले, ते परतलेच नाहीत; त्या चांदीची मूर्ती घडवली, आणि गाड्यावरून नेताना या जागी येताच ती ‘मी इथेच राहणार’ असे बोलली. आत मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी या तीन बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत. हिंदू यात्रेकरू मात्र पिढ्यानपिढ्या त्यांना राम, लक्ष्मण आणि सीता समजून हात जोडत आले आहेत, आणि तिथल्या भिक्षूंनी त्याला कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. मंदिराचा जुना लाकडी दरवाजा मुद्दाम थांबून पाहावा असा आहे. चौकटीवर एकात एक बसवलेल्या पट्ट्या आणि त्यांत दाटीने कोरलेल्या लहान लहान आकृती, ही घडण हिमालयाच्या दक्षिणेकडच्या सुतारांच्या हाताची आहे. झाडे नसलेल्या प्रदेशात एवढे लाकूड खिंडीपलीकडूनच आले असणार. राजांच्या वंशावळींपेक्षा तो दरवाजा या गावाची घडण अधिक नेमकी सांगतो, असे मला वाटते.

खिंडींतून सैन्यही आले. लडाख जिंकलेला जम्मूचा सेनापती जोरावर सिंग १८४१ मध्ये पश्चिम तिबेटात उतरला. त्याची नजर पश्मिन्यावर होती: बकऱ्यांची ती मऊ लोकर पूर्वापार लडाखमार्गे काश्मीरला जाई, आणि आता ती दुसऱ्या वाटांनी आजच्या हिमाचलातल्या बुशहर संस्थानाकडे वळू लागली होती. रुदोक, गारतोक आणि ताकलाकोट त्याने झपाट्याने घेतले. पण हिवाळा लागला, खिंडी बर्फाने बंद झाल्या, आणि उबेसाठी सैनिकांना बंदुकांचे लाकडी दस्ते जाळण्याची वेळ आली. १२ डिसेंबर १८४१ रोजी ताकलाकोटजवळच्या तोयो येथे जोरावर सिंग मारला गेला. त्याची समाधी आजही तिथे आहे, आणि चालून आलेल्या या सेनापतीला स्थानिक तिबेटी लोक मान देतात. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने जुन्या सीमा आणि लोकर-चहाचा जुना व्यापार पूर्ववत चालू ठेवला.

गावाचे खरे आयुष्य या व्यापारावर चाले. कुमाऊँच्या ब्यांस, चौंदास आणि दारमा या खोऱ्यांतले लोक, ज्यांना बाहेरचे भोटिया किंवा शौका म्हणतात आणि जे स्वतःला ‘रं’ म्हणवतात, ते उन्हाळ्यात बर्फ वितळले की लिपुलेखमार्गे वर येत. धान्य, गूळ, कापड आणि तंबाखू वर जाई. मीठ, टाकणखार आणि लोकर खाली येई. उंच खिंडीच्या अरुंद वाटांवर ओझे वाहायला मेंढ्या आणि बकऱ्या असत: प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लहान पिशव्यांत दहा-बारा किलो माल, आणि असे शेकडो जनावरांचे कळप. बाजारातल्या दुकानांना मातीच्या भिंती कायमच्या असत, पण छप्पर नसे. व्यापारी आला की त्या भिंतींवर कापडाचा तंबू ताणी, आणि शरद ऋतूत तो गुंडाळून खाली गेला की भिंती उघड्या राहून बर्फ झेलत.

या व्यवहारात लिहिण्यापेक्षा शब्दाला किंमत होती. शौका घराण्याचा तिबेटात ठरलेला मित्र असे आणि तो संबंध बापाकडून मुलाकडे जाई. करार पक्का करताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघे जपून ठेवत. पुढे एखाद्याने माणूस पाठवला, तर त्याच्या हातातला तुकडा आपल्याजवळच्या तुकड्याशी जुळतो का, एवढे पाहिले की खातरजमा होई.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीनमध्ये तिबेटच्या व्यापाराचा करार झाला. पंचशीलाची तत्त्वे याच कराराच्या प्रस्तावनेत आहेत, पण शौका व्यापाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे होता: ताकलाकोटचा बाजार आणि लिपुलेखची वाट त्यात नावानिशी मान्य झाली. कराराची मुदत आठ वर्षांची होती. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली, ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले, आणि वाट बंद पडली. अनेकांचा माल आणि उधारी तिकडेच राहिली. ब्यांस खोऱ्यातल्या गर्ब्यांगसारख्या गावांतली कोरीव दारे-खिडक्यांची श्रीमंत घरे हळूहळू ओस पडत गेली. १९६७ मध्ये या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि त्याची पुढची पिढी सरकारी नोकऱ्यांकडे वळली. त्याच सुमारास सीमेपलीकडे सांस्कृतिक क्रांतीची लाट आली. ताकलाकोटच्या माथ्यावर उभा असलेला सिंबिलिंग हा मोठा मठ तीत उद्ध्वस्त झाला. किल्ल्याचेही अवशेषच उरले आहेत. एकाच दशकात गावाचा बाजार गेला आणि माथाही गेला.

यात्रेकरूंसाठी लिपुलेख १९८१ मध्ये उघडली, व्यापारासाठी १९९२ मध्ये. नवा व्यापार जुन्याच्या मानाने लहान होता; परवाने, ठरलेल्या वस्तूंची यादी आणि भारताच्या बाजूच्या गुंजी गावातली मंडी अशा चौकटीत तो चाले. २०२० मध्ये महासाथीमुळे तोही थांबला, आणि धारचुलाकडच्या व्यापाऱ्यांचा माल ताकलाकोटच्या गोदामांत पुन्हा एकदा अडकून पडला. २०२५ च्या उन्हाळ्यात यात्रा सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करण्यावर भारत आणि चीन यांचे एकमत झाले, तेव्हा नेपाळने या प्रदेशावरचा आपला दावा मांडून हरकत घेतली. दरम्यान ताकलाकोटला रुंद रस्ते आणि सिमेंटच्या इमारती आल्या, आणि २०२३ च्या अखेरीस तालुक्यात विमानतळही सुरू झाला.

हुमलाची वाट मात्र जुन्या वळणाची राहिली आहे. हिल्सा येथे कर्णालीवरचा पूल ओलांडून नेपाळी माणसे मजुरीला आणि खरेदीला ताकलाकोटला जातात. तिथल्या लिमी खोऱ्यातले कारागीर लाकडाच्या गाठींपासून वाट्या कोरतात. लोणी आणि मीठ घातलेला तिबेटी चहा त्यांतून प्यायचा, त्यांतच सातूचे पीठ मळून खायचे आणि वाटी पुसून अंगरख्याच्या घडीत ठेवायची, असा तिचा वापर. पुरांगच्या बायका सणाला आईकडून मुलीकडे आलेले पोवळी, पिरोजा आणि मोत्यांचे जड दागिने घालून उभ्या राहतात. हे खडे आणि मोतीही याच खिंडींमधून व्यापाऱ्यांबरोबर वर आले होते.