टबातल्या बुडबुड्यांचं रसायन

मे महिन्यात पुण्याची भाची मैत्रिणींना घेऊन आली, गोव्यात आसगावच्या एका व्हिलात दोन रात्री राहिली आणि म्हापशाला आमच्याकडे परतली ती पोटापाठीवर लाल पुटकुळ्या घेऊन. आईने लगेच निदान केलं : "उष्णता उठलीय, सब्जा घाल पाण्यात." सब्जा प्यायला छानच लागतो. पण पुटकुळ्या नेमक्या पोहण्याच्या कपड्याखाली होत्या, हातपाय कोरे. उष्णता अशी शिवणीला धरून उठत नाही.

"मामा, गरम पाण्याच्या टबात बसलो होतो. पण पाणी स्वच्छ होतं, क्लोरीनचा चांगला वास येत होता!"

घोळ इथेच आहे. तो झोंबणारा वास बहुतांशी क्लोरामाइनचा. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जुळून खर्ची पडलेलं क्लोरीन, ते हे.

पुटकुळ्यांमागे बहुधा स्यूडोमोनस एरुजिनोसा. जखमेच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या करणारा हा जिवाणू १८८२ साली कार्ल गेसार या फ्रेंच माणसाने वेगळा काढला. ४२ अंश सेल्सियसलाही तो सुखाने वाढतो, त्यामुळे ३८ ते ४० अंशांचा टब म्हणजे त्याचं माहेरच. टबाच्या नळ्यांच्या आत बुळबुळीत थर करून राहतो, आणि ओला कपडा अंगावर तसाच राहिला की केसांच्या मुळांशी शिरतो.

मग क्लोरीन काय करत होतं? माझा आवडता भाग हाच. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं : हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. आयनही ऋणभारित, म्हणून तो दूर ढकलला जातो. आम्लाच्या रेणूवर भार नाही, तो सहज आत घुसतो आणि कित्येक पटींनी अधिक मारक ठरतो. कोणतं रूप किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कलीधर्मी याचं माप : आकडा चढला की आम्ल कमी. ७.५ला निम्मं-निम्मं. ७ला सुमारे तीन चतुर्थांश मारक रूप, ८ला जेमतेम पाव, ८.५ला दहातला एक भाग. क्लोरीन तेवढंच, पण बहुतेक बिनकामाचं.

आणि टबात पीएच कोण चढवतं? बुडबुडेच! पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे थोडं आम्ल असतं. हवेचे झोत तो वायू हाकलून देतात, उघड्या सोड्याच्या बाटलीतून जातो तसा. आम्ल गेलं, पीएच वर. त्यात कुणी द्रव क्लोरीन ओतलं तर तेही अल्कलीधर्मी. ज्या बुडबुड्यांसाठी पैसे मोजायचे, तेच क्लोरीनचे दात काढतात.

गर्दीचा हिशोबही करून पाहा. १,५०० लिटरच्या टबात चार माणसं म्हणजे २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक तलावात साडेसहा हजार! म्हणून तलावात क्लोरीन दर दशलक्ष भागांत किमान १ पुरतं, गरम टबात किमान ३ लागतं, आणि पीएच ७.८च्या वर जाऊ द्यायचा नसतो.

पुटकुळ्या आठवड्याभरात आपोआप गेल्या, बहुतेकांच्या जातात. पण तिसऱ्या दिवशी कान ठणकू लागला. कानाची पाळी ओढली की कळ, म्हणजे बाहेरच्या नळीची कातडी सुजलेली. इथेही बऱ्याचदा हाच जिवाणू असतो. शेजारच्या काकी लसणीचं कोमट तेल घेऊन आल्या, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि विचारलं, "काडीने कान कोरतेस?" कोरत होती. कानातला मळ किंचित आम्लधर्मी, पाणी न धरणारा लेप असतो. तो खरवडला की ओलसर कातडी उघडी पडते. मधुमेह असलेल्यांनी मात्र असं दुखणं एक दिवसही अंगावर काढू नये, संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

जाताना भाचीला पीएचच्या पट्ट्यांची डबी दिली. डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर शिवोलीला उतरली, तिथून फोटो आला : पट्टी गडद गुलाबी, आठच्या वर. खाली लिहिलं होतं, "वागातोरच्या समुद्रावर चाललोय."