हवेवर चालणारं मुतखडा फोडायचं मशीन : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मशीन बसवून झालं की ओटीतल्या सिस्टर हमखास दोन प्रश्न विचारतात. ही हवा पेशंटच्या पोटात जाते का, आणि आता लेझर आलंय तर हे कशाला. पहिल्याचं उत्तर एका शब्दात, नाही. दुसऱ्याचं जरा खाली देतो.

आत काय होतं ते आधी बघू. हँडपीसमध्ये, म्हणजे डॉक्टर हातात धरतात त्या भागात, धातूची एक छोटी गोळी असते, हवेचा झटका बसला की ती पुढे येऊन प्रोबच्या (म्हणजे खड्याला टेकणाऱ्या बारीक सळईच्या) बुडावर आपटते आणि तो ठोका सळईतून थेट खड्यावर जातो, रस्ता खोदायचा ब्रेकर चालतो ना तसंच, फक्त सळई १ मिलिमीटरच्या आसपास जाड. किडनीतल्या मोठ्या खड्याला दुर्बिणीचा रस्ता मोठा मिळतो म्हणून तिथे २ मिलिमीटरची पण चालते. दाब साधारण ३ बार आणि सेकंदाला १२ च्या आसपास ठोके. खडा ठिसूळ म्हणून तडकतो, युरेटरची (किडनीतून ब्लॅडरमध्ये, म्हणजे मूत्राशयात, लघवी नेणाऱ्या नळीची) भिंत लवचिक म्हणून ठोका झेलून मागे सरते, आणि यात उष्णता तयार होत नाही त्यामुळे भाजायची भीती नाही. ओटीत सगळे याला लिथोक्लास्ट म्हणतात, ते खरं तर १९९० च्या सुमारास निघालेल्या एका स्विस मशीनचं नाव, पण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो त्यातलीच गत.

आता लेझर. लेझर चांगलंच आहे, आम्ही नाही कशाला म्हणू. त्याची फायबर वाकते, आपली सळई वाकत नाही, म्हणून फ्लेक्झिबल स्कोपमध्ये (वाकणाऱ्या दुर्बिणीत) आपलं मशीन चालणारच नाही. दुसरी अडचण, ठोका बसला की खडा मागे पळतो. युरेटरच्या वरच्या भागातला खडा सरकून परत किडनीत गेला की डॉक्टरांचा मूड जातो (आणि फोन आम्हाला येतो, जसं काय आम्हीच ढकलला). सलाईनचा फ्लो कमी ठेवणं, टेबल डोक्याकडून थोडं वर करणं, सिंगल ठोक्यावर काम करणं किंवा खड्याच्या मागे बास्केट (छोटी जाळी) लावणं, हे डॉक्टर करतातच. पण खालच्या युरेटरचा खडा, ब्लॅडरचा खडा, पीसीएनएलमधला (पाठीतून छिद्र पाडून किडनीतला खडा काढायच्या ऑपरेशनमधला) मोठा कडक खडा, इथे हे मशीन आजही मस्त काम करतं आणि खर्च म्हणाल तर प्रोब निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरता येतो. तालुक्याच्या दवाखान्याला हेच परवडतं.

आता मुद्द्याचं. "मशीन मारत नाही" असा फोन आला की आम्ही धावत येतो, आणि बऱ्याच वेळा मशीन ठणठणीत असतं, बिघाड असतो हवेत. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत तळाला साचतं. पावसाळ्यात, आणि कोकणात तर बारा महिने, हा त्रास जास्त. ते पाणी पाइपातून हँडपीसमध्ये गेलं की गोळी अडकते, गंज धरते, ठोका मऊ पडतो, आणि मग कोणीतरी प्रेशर वाढवून बघतं, ते तर मुळीच करू नका. टाकीच्या खाली एक कॉक असतो तो रोज उघडून पाणी काढायचं, आणि फिल्टरच्या काचेत पाणी दिसलं की ते पण. अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण कोणाचं काम आहे हे ठरलेलं नसतं म्हणून राहतं, तेव्हा एका माणसाचं नाव ठरवून टाका.

कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर तिथल्या तिथे थांबवा. दाबातला ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की आग लागू शकते.

प्रोबचं म्हणाल तर स्टीलच्या सपाट ट्रेवर लोळवून बघा, टोक उड्या मारत असेल तर वाकलाय. वाकलेला प्रोब ताकद खातो आणि स्कोप आतून खरवडतो, आणि स्कोपच्या रिपेअरिंगचं बिल बघितलं की नवा प्रोब स्वस्त वाटायला लागतो. टोक स्कोपच्या बाहेर आलेलं दिसल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, आणि प्रोब खड्याला टेकलेला हवा, नुसता मारून बघू म्हणून हवेत चालवू नका. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्रात) प्रोब चालतो, हँडपीसचं मात्र मॉडेलप्रमाणे वेगळं, त्यामुळे मशीनसोबतचं पुस्तक बघा, नाही सापडलं तर आम्हाला विचारा.

फोन करायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेवा, गेजवर काटा किती बारवर आहे, पेडल दाबल्यावर टकटक आवाज येतो का, आणि दुसरा प्रोब लावल्यावर फरक पडतो का. एवढं सांगितलंत तर अर्ध्या वेळा आम्ही फोनवरच सोडवून देऊ, येण्याजाण्याचा खर्च वाचेल आणि पेशंट टेबलवर ताटकळणार नाही.