‘देव करतो ते बऱ्यासाठी’ आणि ‘देव यातूनही बरं करेल’, ही दोन वाक्यं सेम नाहीत

कुणी वारल्यावर द्वारदर्शनाला, म्हणजे भेटायला, आलेली माणसं ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलून जातात आणि समोरचा मान हलवतो, कारण त्या वेळी कोण शब्द तपासत बसणार. मलाही बरीच वर्षं दोन्ही एकच वाटायची. फरक कळला तो घरातल्या भाऊबंदकीमुळे, ते पुढे सांगते.

पहिल्या वाक्यात जे झालं तेच मुळात चांगलं, तुम्हाला आत्ता कळत नाहीये एवढंच. दुसऱ्यात झालं ते वाईटच झालं, त्यात गोड काही नाही, पण देवाचं काम अजून संपलेलं नाही असा भरवसा आहे. म्हणजे पहिलं वाक्य मागे बघून निकाल देतं आणि दुसरं पुढे बघतं, मागच्याला हातही न लावता.

केळीवाल्यांना हे पटकन कळेल. मामाची बाग चोपड्याकडे तापीकाठी, जूनच्या सुरुवातीला असं वादळ आलं की कापणीला आलेली बाग रात्रीतून आडवी. सकाळी गेलो तर खोडं मधोमध मोडलेली, घड चिखलात, आणि सगळीकडे तो केळीचा चीक जो कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही. मामीला ते बघवेना, ती म्हणाली मजूर लावा आणि आजच्या आज साफ करा. मामा म्हणाला हात नका लावू, आधी पंचनामा होऊ द्या. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघं येऊन मोबाईलमध्ये फोटो काढून जाईपर्यंत तीन दिवस ती बाग तशीच डोळ्यासमोर सडत पडली होती, वास यायला लागला होता, पण साफ केली असती तर कागदावर नुकसानच झालं नसतं ना, मग भरपाई कशाची मागणार?

पहिलं वाक्य हे मामीसारखं आहे, बाग लगेच साफ करून मोकळं. दुसरं वाक्य पंचनामा झाल्याशिवाय बोलताच येत नाही.

यावर मला सगळ्यात चांगला दाखला माहितीये तो बायबलमधल्या योसेफचा. आम्ही वारकरी घरातले, पण सुरतला उधन्यात राहायचो तेव्हा शेजारच्या खोलीत नवापूरकडची एक ख्रिस्ती मावशी होती, लाईट गेली की आम्हा पोरांना गोळा करून गोष्टी सांगायची. योसेफ 17 वर्षांचा होता, भावांनी त्याला खड्ड्यात टाकला आणि चांदीच्या 20 नाण्यांना विकला. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम झाला, मग खोट्या आरोपात जेलमध्ये गेला, 30 व्या वर्षी फारोपुढे, म्हणजे तिथल्या राजापुढे, उभा राहिला, राज्याच्या धान्याचा कारभारी झाला आणि पुढच्या दुष्काळात त्याच्याच कोठारातल्या धान्यावर ते भाऊ जगले. एवढं ऐकलं की कुणीही म्हणेल, बघा, विकला म्हणून तर झालं सगळं!

पण मावशी तिथे थांबवायची. खड्ड्यात तो भावांपुढे गयावया करत होता, हे भावांनाच नंतर आठवतं. जेलमधल्या सोबत्याला तो सरळ सांगतो की मला माझ्या देशातून चोरून आणलंय आणि इथे मी असं काही केलेलं नाही की मला इथे टाकावं. झाला की नाही पंचनामा? आणि भाऊ समोर आले, ओळख द्यायची वेळ आली तेव्हा इतक्या मोठ्याने रडला की बाहेरच्यांना ऐकू गेलं. बाप वारल्यावर भाऊ घाबरले, आता हा सूड घेईल म्हणून, तेव्हा त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा की तुम्ही माझं वाईटच करायचं ठरवलं होतं, देवाने त्यातून चांगलं योजलं. दोन्ही एकाच वाक्यात! पहिला अर्धा भाग त्याने गिळला नाही. आणि हे कधी म्हणतो, तर पुस्तकातली वयं जोडत गेलं तर विकला गेल्यानंतर जवळपास 40 वर्षांनी. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला हे कुणी ऐकवलं असतं तर? मला तरी ते ऐकवणाऱ्याचाच राग आला असता.

आपल्या जवळचं बघायचं तर धुळ्याचं जेल. 1932 साली विनोबा तिथे कैदेत होते, दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे, ती प्रवचनं आजही घराघरात वाचली जातात. म्हणून काय कुणी इंग्रजांचे आभार मानत नाही की बरं झालं बाबा आत टाकलंत. इथे आपल्याला फरक बरोबर कळतो, स्वतःच्या घरात का कळत नाही देव जाणे.

(नशीब हा तिसराच विषय, त्यात भरवसा वगैरे काही नसतो. त्या जोतिषाला आमच्या बहिणाबाईंनी कवितेतच दारातून परत पाठवलंय, आपण काय वेगळं बोलणार.)

आता घरचं. माझ्या मोठ्या काकांनी आजोबा आजारी असताना सगळ्या जमिनीचं बक्षीसपत्र स्वतःच्या नावावर करून घेतलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं तेव्हा फेरफार पण झाला होता. केस केली, आणि हो, देवावर भरवसा म्हणजे केस करायची नाही असं कुठे लिहिलेलं नाही, पण पैसा संपला आणि केस तिथेच राहिली. मग अमळनेरहून गाडीत बसून सुरत. आप्पा लूमवर बारा बारा तास, आई घरी साड्यांना टिकल्या लावायची, आम्ही तिघं भावंडं एका खोलीत. तिथे शिकलो. भाऊ इंजिनियर झाला, मी बीकॉम करून जळगावला नोकरीला लागले, लहानी नर्स झाली.

तेव्हापासून नातेवाईकांचं एकच पालुपद, शेती गेली म्हणून पोरं शिकली, राहिली असती तर केळीचे घडच वाहिले असते. मी पण म्हणायचे हो ना. आईला मात्र ते आवडायचं नाही, ती उठून चुलीकडे जायची. तिचं मंगळसूत्र वकिलाच्या फीमध्ये गेलं होतं आणि सगळं बऱ्यासाठीच होतं म्हटलं की तिच्या त्या सगळ्या वर्षांचा हिशोबच कुणी घेत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे काका सुटत होते. त्यांनी केलेलं पाप देवाच्या खात्यावर टाकून मोकळे! ह्या वाक्याचा हाच तोटा आहे, ज्याने केलं त्याला ते सगळ्यात जास्त आवडतं.

आणि तसंच झालं. भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आप्पा स्वतः काकांकडे गेले, मी सोबत होते. चहा झाला, पोरांची चौकशी झाली आणि काका खुर्चीत मागे टेकून म्हणाले, बघ, तेव्हा वाईट वाटलं असेल तुला, पण पोरांचं सोनं झालं, शेवटी देवनी करणी.

आप्पा तसे कमी बोलणारे. कपबशी खाली ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाले, “भाऊ, ती तुमनी करणी व्हती, देवनी नही.” मग पोरांना देवाने सांभाळलं, त्याचा उपकार मी रोज मानतो, पण तो तुमच्या नावावर नका करू, असं काहीतरी म्हणाले. पत्रिकेवर हळदकुंकू लावून काकांच्या हातात दिली. लग्नाला यायचं, सगळ्यांनी, असं दोनदा सांगितलं.

काका बराच वेळ पत्रिकेकडेच बघत होते. आम्ही चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, “व्हती.” एवढंच.

लग्नाला आले सगळे. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे.